स्टेपनीच्या वरची जागा

मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक मला म्हणाले, तुमच्याकडे एकेक गिऱ्हाईक गमतीचं येत असेल, त्यावर काहीतरी खुसखुशीत लिहून द्या. मी हो म्हणालो. पण हो म्हणताना मनात दुसरंच काही होतं. गमती मी सांगतो, मात्र त्या संपल्यावर थोडं थांबा. ज्यासाठी लिहायला बसलो आहे ते पुढे आहे.

शारजाच्या सनायामध्ये, म्हणजे कारखाने आणि गॅरेजांच्या वस्तीत, गेली चोवीस वर्षं मी गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टिम बसवतो. लोकांना वाटतं, आमचं काम स्पीकर लावण्याचं. स्पीकर कोणीही लावतो. खरं डोकं लागतं ते ॲम्प्लिफायर कुठे बसवायचा हे ठरवताना. आम्ही त्याला ॲम्प म्हणतो. जाडजूड वहीएवढी ॲल्युमिनियमची पेटी, पाठीवर उभ्या पट्ट्या. बॅटरीतून वीज घेते, स्पीकरला ताकद देते आणि उरलेल्या विजेची उष्णता करते. ही उष्णता जायला हवी कुठेतरी. जुलैत उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत हात घालून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. तिथे माणूस टिकत नाही, तिथे आम्ही यंत्र ठेवतो.

मागच्या काचेखालच्या फळीला उलटा टांगला, तर त्याचीच गरमी वर जाऊन त्याच्याच पोटात साठते. वूफरच्या खोक्यावर ठोकला, तर वर्षभर हादरे खाऊन आतले सोल्डरचे डाग सुटतात. मागच्या सीटच्या पाठीला लावणं चांगलं, पण स्क्रूची लांबी चुकली तर मागे बसणाऱ्याच्या पाठीत टोक घुसेल. तळाला भोक पाडायचं तर आधी गाडीखाली झोपून पाहायचं, कारण पेट्रोलची टाकी तिथेच असते. माझ्या डोळ्यांदेखत एकाने टाकीला भोक पाडलं आहे. तेव्हापासून मी ड्रिल हातात घेण्याआधी गाडीखाली आडवा होतो, मग कपडे कितीही नवे असोत.

एक गिऱ्हाईक होतं, दर शुक्रवारी कल्ब्याला मासेमारीला जायचं. त्याने ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ॲम्प डिकीच्या तळाला बसवला. दोन आठवड्यांनी गाडी परत. बर्फाच्या पेटीतलं पाणी गळून ॲम्पमध्ये शिरलेलं, आणि पाण्याबरोबर माशाचा वास. तो ॲम्प उघडताना आमच्या दुकानातल्या मांजरीने मला सोडलं नाही. दुसरे एक मराठी गृहस्थ मीटरपट्टी घेऊन आले होते. डिकीची उंची त्यांनी स्वतः मोजली आणि म्हणाले, अठरा इंच मला मोकळे पाहिजेत, गणपती बर दुबईहून ह्याच गाडीतून येतो, त्याचा मुकुट लागता कामा नये. त्यांचा ॲम्प मी ड्रायव्हरच्या सीटखाली बसवला. तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतो की डिकीत तुम्ही काय नेता.

हा प्रश्न चांगला आहे. पण दुसरा एक प्रश्न मी कित्येक वर्षं विचारला नाही. स्टेपनी.

बहुतेक गाड्यांत स्टेपनी डिकीच्या तळाखाली एका गोल खड्ड्यात झोपलेली असते. तिच्यावर कार्डबोर्डाची फळी आणि गालिचा. आमच्यासारख्या माणसाला ती जागा फार मोहात पाडते. ती फळी काढून त्या जागी जाड एमडीएफची फळी बसवायची, तिच्यावर ॲम्प मांडायचे, वायरी खालून न्यायच्या, वर काळा गालिचा चढवायचा, पट्टी दिव्यांची लावायची. डिकी उघडली की दागिन्यांची पेटी उघडल्यासारखं वाटतं. सामानाला जागा राहते, हवा मिळते, वायर लहान लागते. गिऱ्हाईक फोटो काढतं, मित्राला दाखवतं, मित्र आमच्याकडे येतो.

अडचण एकच, अशी फळी कोणी उचलून नेऊ शकतो, किंवा दुसऱ्या गॅरेजवाला उघडून आमची वायरिंग पाहू शकतो. यावर युक्ती निघाली. फळी आठ स्क्रूंनी बसवायची. साधे स्क्रू नाहीत, चांदणीच्या आकाराच्या भोकात मधोमध एक टाचणी उभी असलेले. ते बाजारातल्या साध्या पान्याने निघत नाहीत, त्याला वेगळी चावी लागते. ती चावी गिऱ्हाइकाला द्यायची नाही, आपल्या दुकानात खिळ्याला टांगायची, गाडीचा नंबर लिहून. काही करायचं असलं की गिऱ्हाईक आपल्याकडेच येणार. दुकानाचे मालक कोयाका, केरळचे, साठीचे, मला भावासारखं वागवणारे, ही युक्ती ऐकून खूष झाले होते. लोकांना आजही वाटतं की युक्ती कोयाकांची. ती माझी होती.

माझ्या मागे भिंतीवर त्या चाव्यांचा बोर्ड होता. मी त्याच्याकडे अभिमानाने पाहायचो.

आता सामंतांबद्दल. नाव बदललं आहे, त्यांच्या घरातल्या सगळ्यांची बदलली आहेत. माझं बदललेलं नाही. सामंत एसीच्या डक्टची कंत्राटं घेतात, अल मजाजला राहतात. त्यांची मुलगी ईशा इथेच वाढलेली, दुबईच्या एका ऑफिसात नुकतीच लागलेली. पहिल्या पगारातून बाबांच्या गाडीला सिस्टिम बसवायची हा तिचा हट्ट. आई म्हणाली, ‘तीन हजार दिरहम, म्हणजे सत्तर हजार रुपये. नुसत्या आवाजाला?’ ईशा म्हणाली, ‘आई, प्लीज, डोन्ट कन्व्हर्ट.’ आम्ही सगळे हसलो. मीही.

फळीचं काम मी स्वतः केलं. माझ्या चांगल्या कामांतलं एक. गाडी देताना सामंतांनी विचारलं की स्टेपनी काढायची झाली तर. मी म्हणालो, चावी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. खरंच ठेवणार होतो, चावी माझ्या खिशात होती. पण ते बिल द्यायला आत गेले तेव्हा विचार केला, महिन्याभराने ट्यूनिंगला येतीलच, तेव्हा देऊ. हाताला सवय होती. चावी खिळ्यावर गेली.

गेल्या वर्षीच्या जुलैतला शनिवार. सामंतांची आत्या, वय पंचाहत्तरच्या पुढे, कुडाळहून व्हिजिट व्हिसावर आली होती. या देशाचा दुसरा समुद्र तिला दाखवायला सगळे खोर फक्कानला निघाले होते. गाडी ईशा चालवत होती. धैदच्या पुढे मागचा टायर फुटला. तिने गाडी शांतपणे बाजूला घेतली. तिची कसलीही चूक नव्हती, हे मी पुन्हा लिहितो, तिची कसलीही चूक नव्हती.

साधारण पावणेबाराला सामंतांचा फोन आला. दिलीपराव, चावी सापडत नाही.

मी मान वळवून बोर्डाकडे पाहिलं. त्यांचा नंबर लिहिलेली चावी तिसऱ्या ओळीत टांगलेली होती. कोयाका समोर एका अरबी गिऱ्हाइकाशी बोलत होते. दोन सेकंद गेले असतील. मग मी म्हणालो, ‘कप्प्यातच असेल साहेब, नीट बघा. कागदांच्या मागे जाते कधी कधी.’

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. वाटलं, रिकव्हरीची, म्हणजे बंद गाड्या उचलून नेणारी, गाडी अर्ध्या तासात येईल, कशाला आपली चूक उघडी करायची. कोयाकांची भीती वाटली, असंही सांगत होतो. ते खोटं आहे. मला फक्त माझी लाज वाचवायची होती. चावी घेऊन निघालो असतो तर पन्नास मिनिटांत तिथे पोहोचलो असतो.

पुढचं मला नंतर कळलं, तुकड्यातुकड्याने. जॅक आणि चाकाचा पाना, दोन्ही त्याच फळीखाली होते. रिकव्हरीवाले येतो येतो म्हणत राहिले. सगळे एसी लावून गाडीतच बसले, पण उभ्या गाडीत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि इंजिन बंद करावं लागलं. बाहेर सावली नाही. एक पठाण ड्रायव्हर पिकअप घेऊन थांबला, त्याच्याकडे सगळे पाने होते, तो एक नव्हता. त्याने लोखंडी सळीने फळी उचकटायचा प्रयत्न केला. मी ती मजबूत बसवली होती. फक्त कोपरा तुटला. तोवर आत्यांनी उलटी केली, आणि मग त्या बोलेनाशा झाल्या. एक कुटुंब मोठी गाडी घेऊन थांबलं, त्यांनी आत्यांना आणि ईशाच्या आईला इस्पितळात नेलं. या सगळ्या वेळात ईशा कप्प्यातला एकेक कागद बाहेर काढून चावी शोधत होती. माझ्या सांगण्यावरून.

आत्या वाचल्या. नऊ दिवस इस्पितळात होत्या. मूत्रपिंडाला इजा झाली, ती भरून यायला फार दिवस लागले. गावी परत जाताना त्या व्हीलचेअरवर होत्या.

त्यानंतरच्या आठवड्यात सामंत गाडी घेऊन आले. म्हणाले, सगळं काढून टाका. काय झालं ते त्यांनी सांगितलं आणि मग म्हणाले, ‘ईशाने आदल्या दिवशी पेट्रोल पंपावर गाडी धुऊन घेतली होती. कप्प्यातला कचरा तिनेच काढून टाकला. चावी त्या कचऱ्यात गेली. आत्याच्या मुलाने फोनवर तिला नको ते सुनावलं. मी काही बोललो नाही, पण ती काय, समजायचं ते समजली.’

मी बोर्डावरची चावी काढली. त्यांनी पाहिलं. म्हणाले, तुमच्याकडे दुसरी असते होय. मी म्हणालो, हो, एक इथे असते. आठही स्क्रू त्या चावीने काढले. चार मिनिटं लागली. सामंत पाठमोरे उभे राहून रस्त्याकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी कोयाकांना सांगितलं की ही पद्धत आजपासून बंद. सगळं सांगितलं नाही, पद्धत बंद एवढंच. ते म्हणाले, ‘दिलीपभाई, पागल हो गया क्या? सब दुसरे गॅरेज में जाएगा.’ मी म्हणालो, जाऊ दे. ते आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मी बोर्ड काढला. सामंतांची धरून त्यावर सव्वीस चाव्या होत्या. वहीतून नंबर शोधून एकेकाला फोन केला, बहुतेकांना दुकानात बोलावलं, जे येईनात त्यांच्याकडे सुट्टीच्या दिवशी स्वतः गेलो. प्रत्येकाची चावी त्याच्या हातात दिली, आणि जमेल तिथे स्क्रू बदलून हाताने फिरवायच्या चकत्या बसवल्या. नवीन नियम केला. फळी बसवलीच तर गाडी देण्याआधी गिऱ्हाइकाने स्वतः, माझ्यासमोर, स्टेपनी बाहेर काढायची. मी हात लावणार नाही. तीन मिनिटांच्या आत निघाली नाही तर मी काम मोडून परत करतो. लोक कुरकुरतात. एक अरबी मुलगा पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यात आला होता, म्हणाला, हबीबी, ह्यासाठी माणसं असतात. मी म्हणालो, रस्त्यावर नसतात. त्याने बाह्या सरसावल्या.

अजमानला एकाच्या घरी चावी द्यायला गेलो तेव्हा त्याने चहा पाजला आणि बायकोला म्हणाला, बघ, असा प्रामाणिक माणूस आजकाल भेटत नाही. तो चहा मी कसा संपवला ते मलाच माहीत. ज्यांचं काही बिघडलं नव्हतं त्या पंचवीस दारांत मी जायला निघालो होतो. ज्या एका दारात जायला हवं होतं, तिथे नाही.

या जूनमध्ये बर दुबईच्या देवळाकडच्या गल्लीत हार घेताना सामंत भेटले. आत्यांची तब्येत विचारली. बऱ्या आहेत म्हणाले, घरातल्या घरात चालतात. मग स्वतःहून म्हणाले की ईशाला अबू धाबीत चांगली नोकरी मिळत होती. साइटवर जावं लागतं, गाडी चालवणं आवश्यक. तिने नाही कळवलं. त्या दिवसापासून ती स्टिअरिंगला हात लावत नाही. ‘चोवीस वर्षांची पोर,’ ते म्हणाले, ‘मला सांगते, बाबा, आय ॲम नॉट केअरफुल इनफ.’

मी तिथेच त्यांना सांगायला तोंड उघडलं. मग वाटलं, हे ऐकण्याचा पहिला हक्क ईशाचा आहे. विचारलं, शनिवारी सकाळी घरी येऊ का, ईशा असताना. त्यांना वाटलं मी तिची समजूत घालायला येतो आहे. म्हणाले, या, बघा काही उपयोग झाला तर.

शनिवारी मी गेलो. वाटेत दोन वेळा गाडी बाजूला घेतली, परत फिरण्यासाठी. फिरलो नाही. त्यांच्या हॉलमध्ये मी बसलो नाही, उभाच राहिलो. चावी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, ‘ईशा, ही चावी तुमच्या गाडीत कधी नव्हतीच. माझ्या दुकानात होती. बाबांचा फोन आला तेव्हा मी ती डोळ्यांनी पाहत होतो.’

 ईशाच्या आईने हातातला ट्रे खाली ठेवला.

‘सो इट वॉज नेव्हर इन द कार,’ ईशा म्हणाली.

‘नाही.’

‘आणि तुम्ही म्हणालात, नीट बघा.’

‘हो.’

‘आय लुक्ड. मी सगळे पेपर्स काढले. आत्याआजी मागे पाणी मागत होती आणि आय वॉज लुकिंग.’ ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. सामंत उठले, माझ्याजवळ आले, त्यांचा हात वर गेला आहे असं मला वाटलं. पण ते म्हणाले, ‘अकरा महिने, दिलीपराव.’ एवढंच.

ईशा म्हणाली, ‘प्रसादकाकाला फोन लाव बाबा. यांनाच बोलू दे.’

प्रसाद म्हणजे आत्यांचा मुलगा, ज्याने तिला सुनावलं होतं. सामंतांनी फोन लावून स्पीकर चालू केला. मी कोण, काय केलं, चावी कुठे होती, सगळं मराठीत, एका दमात सांगितलं. कुडाळहून प्रसादने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्याने मला एक शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही, पण ती बरोबर होती. त्यानंतर तो म्हणाला, ‘ईशा आहे काय थंय? तिका दी.’ ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. बराच वेळ बाहेर आली नाही. मी निघू का असं विचारलं, तर ईशाची आई म्हणाली, थांबा. माफी देण्यासाठी थांबवलं नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

ईशा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गाडीची किल्ली होती. मला म्हणाली, आता असं परत होऊ नये म्हणून तुम्ही काय करता? मी नियम सांगितला, गिऱ्हाईक स्वतः स्टेपनी काढतं. म्हणाली, चला.

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये तिने डिकी उघडली. फळी केव्हाच गेली होती, कार्डबोर्ड उचलला की झालं. तिने स्टेपनी बाहेर ओढली. जॅक उलटा लावला, मी पुढे झालो, तर म्हणाली, ‘अंकल, डोन्ट टच.’ मी मागे झालो. सामंतही खांबाशी उभे राहिले. नट सुटत नव्हते, ती पान्यावर पाय देऊन उभी राहिली. चांगलं चाक काढून स्टेपनी लावली, मग स्टेपनी काढून तेच चाक परत लावलं. पाऊण तास लागला. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मग ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. थोडा वेळ नुसती बसून राहिली. गाडी चालू केली, पार्किंगमधल्या रांगांभोवती एक फेरी मारली, आणि माझ्यासमोर येऊन काच खाली केली.

मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. जाऊ द्या, झालं ते झालं, असलं काही. माणूस आशाळभूत असतो.

ती म्हणाली, ‘बाकीच्यांच्या कीज?’

मी म्हणालो, पंचवीसपैकी बावीस दिल्या. तिघांचे फोन लागत नाहीत.

‘देन फाइंड देम,’ ती म्हणाली आणि काच वर केली.

तिने माफ केलेलं नाही, आणि मी मागितलेली नाही. अबू धाबीच्या नोकरीचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे, पण ते तिचं आहे. कोयाकांना त्याच दिवशी सगळं खरं सांगितलं. त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली आणि विचारलं, तिघं कोण? त्यांच्या ओळखीने एक फुजैराला सापडला, दुसरा मस्कतला गेला होता. त्याने गाडी इथेच कोणाला तरी विकली होती, त्या माणसाला गाठून चावी दिली. राहिला एक. पांढरी सेडान, पाच वर्षांपूर्वीचं काम. गिऱ्हाईक मराठी बोलणारं होतं, मुसफ्फाला नोकरी होती, नाव माझ्या वहीत पाण्याने पुसलं गेलं आहे. म्हणून मी संपादकांना हो म्हणालो. मराठी माणसाच्या हातात हा अंक पडण्याची शक्यता आहे.

तुमच्या डिकीचा गालिचा उचला. खाली काळी फळी आणि आठ स्क्रू असतील, आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकात मधे टाचणी उभी असेल, तर ती गाडी मी केलेली आहे. तुमची स्टेपनी निघणार नाही. गाडी विकली असेल तर ज्याला विकली त्याला सांगा. मंडळात माझं नाव विचारा, चावी माझ्या खिशात असते, सांगाल तिथे मी येतो. मी भेटेपर्यंत वाट पाहू नका, आणि तोपर्यंत लांबच्या रस्त्याला जाऊ नका. जवळच्या कुठल्याही गॅरेजमध्ये जा आणि फळी फोडून घ्या. ॲम्प गेले तरी चालतील, ते मी भरून देईन.